तारखांची वही देणाऱ्या काकांना

ती. काकांना,
शि. सा. नमस्कार.

आमच्या सामुदायिक रेडिओवरच्या शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाचं कुणी कौतुक केलं की ते माझ्या पदरात पडतं. तुमचं नाव घ्यायला तुम्हीच मनाई केली आहे. नाव न घेता आभार मानायला मात्र मनाई नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

आकाशवाणीतून निवृत्त होतानाही तुम्ही ती लांबट, कापडी बांधणीची वही जपलीत. गायकांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या सगळ्यांकडे असतात. तुमच्या वहीत चाली बांधणारे आणि बंदिशी, म्हणजे रागात बांधलेल्या गीतरचना, रचणारे आहेत, आणि हीच मंडळी निवेदनात हमखास गळतात. राग सांगतात, ताल सांगतात, तबल्यावर कोण तेही सांगतात. रचना कुणाची, ते राहून जातं.

८ एप्रिल २०२४ ला कुमार गंधर्वांची जन्मशताब्दी होती. आमचं सगळं त्यांच्यावरच बेतलेलं. तुम्ही वहीतल्या दुसऱ्या नोंदीवर बोट ठेवलंत: ८ एप्रिल १९२२, भास्करबुवा बखले, पुण्यतिथी. बुवांच्या गाण्याचं तर ध्वनिमुद्रणच नाही, मग रेडिओवर ऐकवायचं काय? तुम्ही म्हणालात, "आवाज नाही, पण चाली आहेत ना!" १९१६ च्या ‘स्वयंवर’ या संगीत नाटकाची पदं बुवांनी बांधलेली. बालगंधर्वांच्या तबकड्या लावायच्या, एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, आणि दोन पदांच्या मधे बुवांबद्दल बोलायचं.

खरी गोम वेळेची होती. आमचा कार्यक्रम सकाळचा, आणि तोच संध्याकाळी जसाच्या तसा पुन्हा लागतो. ‘नाथ हा माझा’ यमनातलं, ‘मम आत्मा गमला’ बिहागातलं, दोन्ही राग संध्याकाळ-रात्रीचे. सकाळी आठला यमन म्हटल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! (आजकाल कोण एवढं पाळतं, असं स्टुडिओत कुणीतरी पुटपुटलं. तुम्हाला ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.) पुनःप्रसारण रद्द करायचा तोडगा तुमचाच. सकाळी कुमारांची सहेली तोडी आणि भवमत भैरव, त्यांचे स्वतःचे राग, संध्याकाळी बुवा. क्यू शीट, म्हणजे काय कधी लावायचं त्याचा तक्ता, तुम्ही हाताने आखून दिलीत, सेकंदांसकट, आणि शेवटी दीड मिनिट कोरं सोडलंत, निवेदक लांबण लावतोच म्हणून. मी लावलीच.

सगळ्यात मोठे आभार वहीच्या शेवटच्या पानाबद्दल. वर तुम्ही लिहिलंय, ‘तारीख नाही’, आणि खाली सदारंग, अदारंग. ख्यालगायकांनी जन्मभर ज्यांच्या बंदिशी गायल्या, त्यांची ना जयंती होते ना पुण्यतिथी. कॅलेंडरमधला एखादा आठवडा मोकळा निघाला की तो त्यांचा, हा तुमचा नियम आम्ही पाळतो. बंदिशीत ‘सदारंगीले’ असं रचनाकाराचं टोपणनाव आलं की ती जागा श्रोत्यांना आधी सांगून ठेवतो. लोक कान टवकारून बसतात. ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाज खाँ, ‘गुणिदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, हे आता आमच्या नव्या मुलांनाही पाठ झालंय.

पुढची तारीख ९ ऑक्टोबर, गोविंदराव टेंबे यांची पुण्यतिथी. त्यांच्या चालींचं १९११ चं ‘मानापमान’ नाटक घ्यायचं ठरलंय. संहिता पुढच्या रविवारी घेऊन येते. लाल पेन काढून ठेवा, आणि वही अजून महिनाभर माझ्याकडे राहू द्या.

तुमची,
सकाळी आठची निवेदिका