महापुरात भिजलेले फोटो आणि आपला जुना लॅपटॉप

पुणे, रविवार

ती. आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, भिजलेल्या अल्बममधले फोटो साफ करायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत, तेव्हा मी ऑफिसातून निघण्याच्या घाईत "बघून कळवते" एवढेच म्हणाले. फोनवर सांगितलेले तुम्ही पाकिटाच्या पाठीवर टिपून ठेवता आणि ते पाकीट आई रद्दीत घालते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दुकानदाराने तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या: एक तर नवा लॅपटॉप घ्या, नाहीतर ह्याच लॅपटॉपवर फोटोशॉप "असेच" घालून देतो. दोन्हींची गरज नाही. फोटोशॉपच्या आताच्या आवृत्तीला कमीत कमी 8 जीबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, लागते आणि आपल्या लॅपटॉपला आहे 4 जीबी, त्यातली बरीचशी विंडोज 10 स्वतःच वापरते. शिवाय "असेच" म्हणजे चोरीची प्रत. तिच्याबरोबर आणखी काय आत शिरेल, ह्याचा भरवसा दुकानदारही देणार नाही.

लॅपटॉप अडखळतो त्याचे कारण तुमच्या स्कॅनिंगमध्येही थोडे आहे. फोटोची फाइल डिस्कवर दोन-तीन एमबीची दिसली, तरी उघडल्यावर ती पूर्ण उलगडून मेमरीत बसते. सहा बाय चार इंचाचा फोटो 600 डीपीआयने, म्हणजे दर इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन केला, की तो 3600 बाय 2400 पिक्सेलचा होतो आणि प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर साधारण 26 एमबी जागा घेतो. तुम्ही स्कॅनर 1200 वर ठेवला आहे, म्हणजे हाच आकडा चौपट होऊन शंभरीपलीकडे जातो. त्यात प्रत्येक "अनडू"साठी सॉफ्टवेअर आधीची अवस्था जपून ठेवते, रॅम संपली की हार्ड डिस्कवर लिहू लागते, आणि मग तुम्हाला वाटते की माउस बिघडला. तेव्हा आधी स्कॅनर 600 वर आणा. त्याच आकाराची प्रिंट काढायला 300 डीपीआय, म्हणजे 1800 बाय 1200 पिक्सेल पुरतात. 600 ही डाग काढण्यासाठी घेतलेली सवड आहे.

आता सॉफ्टवेअर. माझे मत इरफानव्ह्यू घ्यावे असे आहे. मूळ बोस्नियाच्या इरफान श्किल्यान ह्या माणसाने ते लिहिले, 1996 पासून ते चालू आहे, घरगुती वापराला फुकट आहे आणि आकाराने अवघे काही एमबींचे आहे. दिसायला अगदी जुनाट आहे, पण तुमच्या दोनशे फोटोंपैकी बहुतेकांना जे करायचे आहे, म्हणजे आडवा आलेला फोटो उभा करणे, कडा कापणे, रंग सुधारणे, ते सगळे त्यात होते. कंट्रोल दाबून वाय दाबले की निवडलेला भाग कापून मिळतो, आणि शिफ्टबरोबर यू दाबले की रंग-उजेड आपोआप जुळतो. हे आपोआपचे प्रकरण नेहमीच पटेल असे नाही. आत्याच्या लग्नाच्या फोटोंवर तांबूस झाक चढली आहे, तिथे शिफ्ट आणि जी दाबून उघडणाऱ्या खिडकीत लाल रंग हाताने थोडा थोडा कमी करा. पिवळे पडलेले कृष्णधवल फोटो तर कंट्रोल-जी ने करड्या छटांत बदलले, की पिवळेपणा पुरता जातो. आई, तुझ्या माहेरच्या फोटोंना मात्र हे करू देऊ नकोस. त्यांचा तपकिरी रंग मुळातलाच आहे, आणि तो मला तसाच आवडतो.

पुराच्या पाण्याने उमटलेले डाग हे वेगळे काम आहे. त्यासाठी पेंट डॉट नेट घालू. हे 2004 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाले. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये त्याला पैसे पडतात, त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळते. त्यात "क्लोन स्टँप" नावाचे साधन आहे: कंट्रोल दाबून चांगल्या भागावर क्लिक करायचे आणि मग डागावर ब्रश फिरवायचा, की चांगल्या भागाची नक्कल तिथे उमटते. भिंत, आभाळ, रंकाळ्याचे पाणी ह्यांवर हे सुरेख जमते. चेहऱ्यावर जमत नाही, आणि जमले असे वाटले तरी ते आजीचे नाक राहत नाही. चेहऱ्यावरचा डाग राहू द्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गिंप हेही फुकट आहे आणि डाग काढण्यात पेंट डॉट नेटपेक्षा सरस आहे, पण आपल्या हार्ड डिस्कवरून ते उघडेपर्यंत आईचा चहा होऊन कपही विसळून होतील. फोटोपी ब्राउझरमध्ये चालते, काही घालावे लागत नाही, म्हणून हलके वाटते, पण ब्राउझरच मुळात मेमरी खातो. पैसे खर्च करायचेच असतील, तर हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा बरीच वेगवान डिस्क, बसवून घेऊ. सगळ्याच कामांत त्याचा जेवढा फरक पडेल, तेवढा कोणत्याही सॉफ्टवेअरने पडणार नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. स्कॅन झाल्या झाल्या सगळ्या फायली "मूळ" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यांना हात लावू नका आणि काम नकलेवरच करा. जेपीजी प्रत्येक वेळी बदलून सेव्ह केली, की तिच्यातला थोडा तपशील कायमचा जातो. तुम्ही दर पाच मिनिटांनी सेव्ह करता, हे मला माहीत आहे, म्हणून काम चालू असेपर्यंत फाइल पीएनजी स्वरूपात ठेवा आणि अगदी शेवटी जेपीजी करा. "मूळ" फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो पेनड्राइव्ह माळ्यावर ठेवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत पाणी शिरले, तेव्हा अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता, हे विसरायला नको.

तोवर गुगलवर शोधून काहीही उतरवून घेऊ नका, कारण जाहिरातीतली बटणे हुबेहूब खऱ्यासारखी असतात आणि विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 नंतर मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे सर्वसाधारणपणे बंद झाले आहे. दोन्ही सॉफ्टवेअर आणि इरफानव्ह्यूची प्लगिन्स, म्हणजे त्याला जोडायची छोटी साधने, मी इथून पेनड्राइव्हवर घेऊन येते. इरफानव्ह्यू 64 बिटचे घेणार आहे, तेव्हा प्लगिन्सही 64 बिटचीच लागतात, नाहीतर ती ओळखलीच जात नाहीत. मी शनिवारी दुपारपर्यंत पोचेन. तेवढ्यात उरलेले फोटो 600 वर स्कॅन करून ठेवा. खासबाग मैदानातला आजोबांचा फेट्यातला फोटो काचेला चिकटला आहे, तो मात्र ओढून काढू नका. काचेसकटच स्कॅनरवर ठेवून बघू.

तुमची,
धाकटी