कुशीतली प्रत्येक कळ मुतखड्याची नसते

महोदय,

मूत्रपिंडातील अँजिओमायोलिपोमा ही गाठ सहसा कर्करोगाची नसते. पण तिच्या ठिसूळ धमन्यांना फुगे येतात आणि ते अचानक फुटतात. गाठ ४ सेंटिमीटरहून किंवा फुगा ५ मिलिमीटरहून मोठा असल्यास, तसेच गरोदरपणात, धोका अधिक. फुगा फुटला की कुशीत कळ येते, रक्तदाब कोसळतो. लघवी मात्र स्वच्छ असू शकते, कारण रक्त मूत्रपिंडाभोवती साचते. अशा रुग्णाला मुतखड्याचे इंजेक्शन देऊन घरी पाठवणे घातक आहे. रक्त देऊन सावरताच सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी) करावी, मग जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन गाठीची धमनी तेवढी बंद करावी. घाईने अख्खे मूत्रपिंड काढणे आम्हाला पटत नाही. धमनी बंद केल्यानंतर काही दिवस ताप येऊ शकतो, तो बहुधा जंतुसंसर्गाचा नसतो. उपनगरांतील छोट्या नर्सिंग होमनी रुग्ण वेळीच केईएमसारख्या रुग्णालयात हलवावा.

– मूत्रविकार शल्यचिकित्सक व रेडिओलॉजिस्ट, दादर, मुंबई