परळच्या सायकलवाल्या काकांना

ती. काकांना,

सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे फारसं काही करत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे, तुमची नात वाचून दाखवेलच. दुकानाचं नाव आणि गल्ली मुद्दाम लिहीत नाही. "गर्दी नको बाई, हात दोनच आहेत," हे तुमचेच शब्द.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा वाद पेटला होता. सायकलचे पार्ट ऑनलाइन घ्यावेत की दुकानातून? एका बाजूला "गल्लीतला दुकानदार जगला पाहिजे" म्हणणारे, दुसऱ्या बाजूला "तो लुटतो, त्याला कशाला जगवायचं" म्हणणारे. मला दोन्ही पटलं नाही. तिथे चार ओळींत सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

टायरची गोष्ट आधी. एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून सासूबाईंच्या लेडीज सायकलसाठी टायर मागवला होता. जुन्या टायरवर 26 लिहिलेलं, नव्याच्या जाहिरातीतही 26 आणि वर "सर्व 26 इंची सायकलींना चालेल" अशी हमी. टायर काही रिमवर बसेना. तुम्ही तो हातात घेतलात, चष्मा कपाळावरून खाली ओढलात, बाजूचं बारीक अक्षर वाचलंत आणि म्हणालात, "हा 559चा आहे. तुमची रिम 590ची." एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, 26 वेगळा आणि आपल्या जुन्या लेडीज सायकलींचा 26 गुणिले 1 पूर्णांक 3/8 वेगळा. व्यासात 31 मिलिमीटरचा फरक, आणि नाव मात्र दोघांचं एकच! टायरवर 37-590 असं काही छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा, म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला मिलिमीटरमधला व्यास, रिमशी जुळला पाहिजे, बाकी इंचांवर जाऊ नका, हे तुम्ही मला त्या दिवशी शिकवलंत. हाच घोळ 28च्या बाबतीतही आहे म्हणे. दूधवाल्याच्या उंच सायकलचा 28 म्हणजे 635, तर गियरवाल्या नव्या सायकलींचा 28, म्हणजे 700सी, तो 622. हे त्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर कुठेही नव्हतं.

आणि तेवढ्यावर तुम्ही तुमचा टायर पुढे सरकवला नाहीत. आधी म्हणालात, "लेबल काढू नका, परत पाठवा, पैसे मिळतील." पैसे मिळालेसुद्धा. आता हे ऑनलाइनवाल्यांच्या बाजूचं पुण्य, तेही मोजायला हवं. आपल्याकडच्या किती दुकानांत "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी देवाच्या फोटोशेजारी टांगलेली असते!

खरे आभार मात्र त्या कॉटर पिनसाठी, म्हणजे पॅडलचा दांडा मधल्या आसाला पक्का धरणाऱ्या खिळीसाठी. हिंदमाताला पाणी भरलं होतं तेव्हा गुडघाभर पाण्यातून सायकल ढकलत आणावी लागली. नंतर पॅडल मारलं की प्रत्येक फेऱ्याला टक्क. दुसऱ्या एका दुकानात (तेही नाव राहू दे) सायकलला हातही न लावता निदान झालं, "पूर्ण सेट बदलावा लागेल." तुम्ही दोन्ही क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, दोन हातांत धरून उलटसुलट हलवलेत, कान जवळ नेलात आणि बोट ठेवलंत ते डाव्या बाजूच्या कॉटर पिनवर.

पुढची कारागिरी मी स्टुलावर बसून पाहिली. वही तपासायला घेऊन आले होते, ती उघडलीच नाही. नट पिनच्या टोकापर्यंत सैल केलात, म्हणजे हातोडीने आटे चेपू नयेत. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा केलात, म्हणजे घाव छऱ्यांवर न बसता जमिनीत जावा. मग एकच टोला. जुन्या पिनची चपटी बाजू दाखवलीत, तिला मधोमध खळगा पडला होता. नवी पिन ड्रॉवरमधल्या गोळ्यांच्या डब्यातून निघाली. ती वाईसमध्ये धरून कानस चार वेळा फिरवलीत, घालून पाहिलीत, काढलीत, कुठे चमक आली ते बघून परत दोन वेळा कानस. दोन्ही क्रँक एका रेषेत आल्यावरच नट कसलात. त्याआधी, बीबी (पॅडलचा आस फिरतो ती मधली बेअरिंग) उघडलीच आहे तर म्हणून, तिचे कप रॉकेलने धुऊन, गंजलेले पाव इंची छर्रे सगळेच्या सगळे बदललेत. "चार जुने, सात नवे असं करायचं नाही, नवे आधी मरतात." उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो हेही जाता जाता सांगितलंत, मुलाने घरी पाना घेऊन प्रयोग करू नयेत म्हणून. तो अजूनही करतो.

वर पुन्हा, "आठवडाभर चालवा आणि परत या, पिन बसते, नट परत कसावा लागतो." आले, तुम्ही पाव फेरा कसलात आणि हात पुसून दुसऱ्या सायकलकडे वळलात.

कॉटर पिनची पाकिटं ऑनलाइनही मिळतात, मी नंतर पाहिलं. नऊ मिलिमीटरच्या आहेत, साडेनऊच्या आहेत, चपट्या बाजूचा उतार प्रत्येकीचा वेगळा. त्यातली माझी कुठली हे कोण सांगणार? आणि सांगितलं तरी कानस कोण मारणार? पिनची किंमत दोन कटिंगच्या आसपास. बाकी सगळं तुमचं मनगट होतं, आणि त्याचे पैसे तुम्ही जवळजवळ लावलेच नाहीत.

मुलाच्या गियरवाल्या सायकलच्या वेळी तर तुम्ही मला चक्क ऑनलाइन पाठवलंत. मागच्या डिरेलरचा (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जिथे अडकवतात ती पट्टी, मोडला होता. तो मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा करतात, पडझडीत फ्रेम वाचावी आणि तोच मोडावा म्हणून, हे तुम्ही सांगितल्यावर मुलाचा चेहरा जरा सैलावला. तुम्ही म्हणालात, "हा माझ्याकडे नाही. याचे शेकड्याने नमुने असतात. कोणी 'चालतंय' म्हणून दुसरा देऊ लागला तर घेऊ नका." मग मोडलेले दोन्ही तुकडे जुळवून बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर ठेवलेत, पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढलीत, भोकं गिरवलीत आणि कॅलिपरने दोन भोकांमधलं अंतर मोजून बाजूला लिहिलंत. त्या कागदाशी ताडून आम्ही ऑनलाइन मागवला. अचूक तोच आला. तुमच्याकडे घेऊन आलो तेव्हा तोंड वाकडं न करता बसवून दिलात, गियर लावून दिलेत आणि मजुरी काय सांगितलीत ती मी इथे लिहीत नाही, मलाच लाज वाटेल.

म्हणूनच एक तक्रारही करते, रागावू नका. परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून वळसा वाढला, तशा आमच्या बाजूला सायकली वाढल्यात असं मला आपलं वाटतं, आणि या सायकलींचे पार्ट निम्मे घरपोच येणार आहेत. ते थांबायचं नाही, थांबावं असं मला वाटतही नाही. लुधियानाचा माल दोघांकडे तोच. रात्री अकरा वाजता घरी बसून मागवता येतो, छापील किंमत समोर दिसते, आणि आमच्यासारख्यांना भाव करायला जमत नाही. तुम्ही मात्र अजून टायर-ट्यूबवरच्या चार पैशांत घर चालवता आणि मनगट फुकट देता. ते उलटं करा. मालावर कमी घ्या, हाताचे पुरते घ्या. "बघायचे काय पैसे, बाई?" असं म्हणता, पण बघणं हेच तर तुमच्याकडे आहे. कुठल्या डॉक्टरने नाडी फुकट पाहिली आहे?

दिवाळीच्या सुट्टीत मी येते आहे. मुलाच्या सायकलची चेन किती झिजली ते गेजने तपासायचं आहेच, शिवाय येताना एक बोर्ड घेऊन येईन. फळ्यावर लिहून लिहून अक्षर बरं झालंय माझं. मजकूर ठरवून टाकला आहे, हरकत असेल तर नातीकडून कळवा:

"बाहेरून आणलेला पार्ट बसवून मिळेल. मजुरी वेगळी. बघण्याचे पैसे पडतील."

आपली,
लेडीज सायकलवाली बाई