पाणी पाजा म्हणता, पण मुलींनी जायचं कुठे?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीत उन्हाळ्यात मुलांना कसं जपावं यावर पानभर मजकूर आहे. पन्हं द्या, ताक द्या, सुती कपडे घाला, बारा ते चार बाहेर पाठवू नका, तासातासाला पाणी पाजा. यात चूक काही नाही, पण अकोल्यात वाढलेल्या कुठल्याही बाईला हे पाठ आहे. आमच्याकडे होळीच्या आधीच कूलरच्या ताट्या बदलून होतात, आणि माझ्या सासूबाई आजही खिशात कांदा टाकल्याशिवाय पोरांना उंबरा ओलांडू देत नाहीत. हे सगळं तुम्ही आईला सांगता. पण भर उन्हाच्या वेळी मूल आईजवळ असतं कुठे?

माझी मुलगी तिसरीत आहे. सकाळची शाळा सव्वाअकराला सुटते, पण व्हॅन थांबते मोठ्या वर्गांसाठी, ते सुटतात पावणेबाराला. तोवर ही पोरं पेव्हर ब्लॉकच्या अंगणात रांगेत उभी. मग पत्र्याच्या व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसून घरी पोचेपर्यंत पाऊण वाजतो. मागच्या एप्रिलमध्ये पारा ४४ च्या घरात असताना ती अशीच आली, लालबुंद होऊन, आणि दारातच उलटी झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, सकाळपासून लघवीला किती वेळा गेली? एकदाच, घरून निघताना. सकाळी भरून दिलेली बाटली दप्तरात तशीच होती. संध्याकाळपर्यंत सलाईन लावावं लागलं.

पाणी का नाही प्यालीस, विचारलं तर म्हणाली, "पाणी प्यालं की शू येते, आणि तिथे खूप घाण असते गं आई."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह पाहिलं. नळाला पाणी नाही, दाराला कडी नाही, एक मुलगी आत गेली की दुसरीने बाहेरून दार धरायचं. इतर आयांशी बोलले तेव्हा कळलं की वर्गातल्या बहुतेक मुली शाळेत घोटभरही पाणी पीत नाहीत. शाळेतल्याच एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आम्हीही तेच करतो हो." मुख्याध्यापकांकडे गेले, तर त्यांचं उत्तर होतं, पाण्याची बाटली आम्ही सक्तीची केली आहे!

लहान मुलांच्या वजनाच्या मानाने कातडीचा पसारा जास्त असतो आणि घाम कमी येतो, म्हणून ती मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. त्यात पोटात पाणी नाही आणि लघवी दाबून ठेवलेली. लघवी अशी दाबल्याने होणाऱ्या जंतुसंसर्गाचा तर तुमच्या पानात उल्लेखच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी त्याने प्रत्येक शाळेला बंधनकारक केलं आहे. केरळने २०१९ मध्ये शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. फार चांगली गोष्ट आहे, आपल्याकडेही व्हावी. पण घंटा वाजल्यावर पोरींना जायला जागा तर हवी.

आणि एप्रिलभर शाळा चालवायचीच असेल, तर ही व्यवस्था आधी करायला नको का? २०२५ मध्ये पुण्याहून शिक्षण खात्याकडून पहिली ते नववीच्या परीक्षांचं अख्ख्या राज्यासाठी एकच वेळापत्रक आलं, ८ ते २५ एप्रिल. अकोला-चंद्रपूरचा एप्रिल पुण्याहून किती तापतो, हे आखणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ठाऊक असून केलं, याचाच राग येतो.

आपल्या वार्ताहरांना एकदा सकाळी अकरा वाजता शहरातल्या शाळांच्या मुतारीपर्यंत पाठवा. महानगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि भरमसाट फी घेणाऱ्या खासगी, सगळ्याच शाळांत. व्हॅनवाल्या काकांनाही विचारा की पोरगं ग्लानीत गेलं, असंबद्ध बोलायला लागलं तर काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं आहे का. तोंडात पाणी ओतायचं नाही, सावलीत घ्यायचं, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. त्या तासाभरात मूल त्यांच्याच हाती असतं, माझ्या नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावरच्या चौकटीत ‘ओआरएस किंवा बाजारातलं तयार पेय द्यावं’ असं छापलं आहे. या दोन गोष्टी एक नाहीत. ओआरएस म्हणजे मीठ-साखरेची जलसंजीवनी; तिचं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात मिसळायचं असतं. पेल्यात चिमूट-चिमूट टाकलं की मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. खोक्यातल्या गोड पेयांत साखर भरमसाट असते, जुलाब-उलट्या होत असल्या तर ती त्रास वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अशा पेयांवरून ओआरएसचं नाव काढावं म्हणून कित्येक वर्षं झगडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

– एक पालक, अकोला