सीनेचं पाणी एकदा ओढ्यापासून मोजा, साहेब

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, स. न. वि. वि.

मी माढा तालुक्यातला शेतकरी. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे, तो पुढं चारेक किलोमीटरवर सीना नदीला मिळतो. ओढ्यावरच्या पुलाच्या खांबाला २०१६ साली मी ऑइल पेंटच्या पांढऱ्या रेघा मारल्या, वीतभर अंतरानं एकेक. पाऊस झाला की जाऊन बघायचं, पाणी कितव्या रेघेला आहे, आणि दूध डेअरीच्या जुन्या वहीत लिहायचं. घरचे हसतात. हसू देत. त्या वहीच्या जोरावरच हे पत्र लिहितोय.

२०२३ ला सरकारनं जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत माढा होता. त्या पावसाळ्याची माझ्या वहीत एकच नोंद आहे : दुसरी रेघ, तीही दीड तास. २०२५ च्या सप्टेंबरात खांबच दिसत नव्हता. लांबोटीजवळ सीनेनं सोलापूर-पुणे महामार्ग बंद पाडला, परंड्यात माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. आमच्याकडं ऊस आडवा झाला तो झालाच, पण काठची माती खरडून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. पीक पुढच्या साली येईल, माती कुठून आणायची?

सीना ही घाटमाथ्याची नदी नाही, हे मुंबईतून चटकन ध्यानात येत नसावं. भीमेवरचं उजनी धरण भरतं ते पुण्याकडच्या पावसावर. आमच्याकडं थेंब नसला तरी भरतं. सीना निघते अहिल्यानगरजवळ, पर्जन्यछायेत, आणि हत्तरसंग कुडलला भीमेत जाईपर्यंत त्याच छायेत चालते. (कुडलच्या मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, तो बघायला लोक येतात, संगमात पाणी आहे का ते कुणी बघत नाही.) उजनीतून जोडकालव्यानं येतं ते सोडलं, तर सीनेचं स्वतःचं पाणी म्हणजे आमच्यासारख्या ओढ्यांनी आणून घातलेलं पाणी.

आणि ओढ्याचं गणित सरळ नसतं. पाऊस निम्मा झाला म्हणून येवा, म्हणजे ओढ्याला येणारं पाणी, निम्मा होत नाही. उन्हाळ्यात काळी जमीन अशी भेगाळते की भेगेत काठी सरकली तर हाताला लागत नाही. मृगाचा पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात. माती फुगून भेगा मिटल्या की तेच रान पाणी सोडायला लागतं. म्हणून माझ्या वहीत जूनमधल्या मोठ्या पावसापुढं 'ओढा कोरडा' असं लिहिलंय आणि हस्ताच्या त्याहून कमी पावसाला पाचवी रेघ. हे नवं नाही. स्ट्रेंज नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९२ च्या सुमाराला आत्ताच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या भागात पाऊस आणि येवा यांचं कोष्टक बांधलं, पाणलोटाचे चांगला, मध्यम, वाईट असे तीन प्रकार करून. ते आजही शिकवतात. पण स्ट्रेंजसाहेबाच्या काळात ओढ्याच्या वर नालाबांध नव्हते, बोअर नव्हते, शेततळी नव्हती.

आता आहेत. ७२ च्या दुष्काळातले पाझर तलाव, पुढं पाणलोटाची कामं, २०१४ च्या डिसेंबरपासून जलयुक्त शिवार, २०१६ ला मागेल त्याला शेततळे. माझंही एक तळं आहे, ३० बाय ३० बाय ३ मीटर, सुमारे २२ लाख लिटरचं. खरं सांगतो, प्लास्टिक अंथरून ते मी विहिरीतूनच भरतो. बाग जगवायची तर दुसरं काय करणार? पण विहिरीचं म्हटलं तरी ते पाणी ओढ्याच्याच वाट्याचं.

हिशेब करून बघा. ओढ्याचा पाणलोट १,००० हेक्टर धरा. ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे तिथं ६५ कोटी लिटर पडलं. कोरड्या सालात त्यातला दहावा हिस्सा ओढ्याला लागला, तर साडेसहा कोटी. तीस शेततळी, आणि संपलं! खालच्या बंधाऱ्यात बेडूकसुद्धा ओरडत नाही. ओल्या सालात उलट. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस लागला, ऑगस्टपर्यंत सगळी तळी-बांध तुडुंब, मग सप्टेंबरचं पाणी अडायला जागाच नव्हती. पडलं तसं नदीत गेलं. आमच्या ओढ्यावरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या दोन गाळ्यांतले बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) आदल्या हंगामापासून काढलेच नव्हते, गाळात रुतून बसलेले. त्याला ओंडके अडकले, पाण्यानं बंधारा सोडून कडेनं वाट काढली आणि माझी पाऊण एकर घेऊन गेलं. तोंडी सांगितलं होतं, लेखी दिलं होतं. असो.

तळी नकोत असं मी म्हणत नाही. पण बेरीज कोण करतं ते सांगा. लहान तलाव जिल्हा परिषदेकडं, ६०० हेक्टरपर्यंत रान भिजवणारे मृद व जलसंधारण खात्याकडं, त्यावरचे आपल्याकडं, शेततळी कृषीकडं. ओढा एक, दप्तरं चार. पाऊस महसूल मंडळात मोजतात, कारण २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, मग पंचनामा. सीनेचा विसर्ग केंद्रीय जल आयोग सोलापूरच्या खाली वडकबाळला मोजतो, पण तिथवर खोरं संपत आलेलं असतं, बारा हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं पाणी एका जागी गोळा झालेलं. त्यातलं कुठल्या ओढ्यानं किती आणलं, ते त्या आकड्यातून कसं कळणार?

म्हणून मागणी एवढीच आहे. सीनेच्या उपनद्यांवर आणि मोठ्या ओढ्यांवर, आहे त्याच पुलांना मोजपट्टी आणि पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र बसवा. चारी खात्यांची साठवण एका वहीत आणा. नव्या बंधाऱ्या-तलावाला पाणी उपलब्धतेचा दाखला देताना वरच्या अंगाला आधीच अडवलेलं पाणी त्यातून वजा करा, शेततळ्यांसकट. पुराच्या रात्री तीच पातळी खालच्या गावांना फोनवर कळाली, तर जनावरं सोडायला तास-दोन तास तरी मिळतील.

माझ्या खांबावरच्या रेघा मागच्या पुरात खरवडून गेल्या, वरच्या दोनच उरल्यात. पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण म्हणून शेजारच्या लिंबाच्या बुंध्याला खिळा ठोकून ठेवलाय. आपल्या शाखा अभियंत्याला लेव्हल मशीन देऊन पाठवा. मी वही घेऊन पुलावर थांबतो.

आपला,
माढा तालुक्यातला एक शेतकरी