दुबईचा फ्लॅट आणि अडीच लाख डॉलर

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. आठ दिवस दुबई फिरायची, जमलं तर फ्लॅटही बुक करून यायचा, तर डॉलर कुठे स्वस्त पडेल, असं विचारलंयस. भावाचं नंतर बघू. पैसा बाहेर नेताना आधी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कोणाच्या नावाने, कशासाठी आणि कोणत्या आर्थिक वर्षात. यातली एक चुकली की घासाघीस करून वाचवलेले पैसे दंडात जातात.

भारतात राहणाऱ्याने परदेशी पैसे पाठवायचे, तर सगळं रिझर्व्ह बँकेच्या एका योजनेत बसतं. तिचं मराठी नाव कोणी घेत नाही, बँकेतसुद्धा ‘एलआरएस’च (लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम) म्हणतात. २००४ साली ती २५,००० डॉलरवर सुरू झाली. २०१३ मध्ये रुपया गडगडला तेव्हा मर्यादा दोन लाखांवरून ७५,००० वर आणली आणि परदेशात घर घ्यायला बंदीच घातली, ती पुढच्या वर्षी उठली. २०१५ पासून आकडा आहे २,५०,००० डॉलर, माणशी, एप्रिल ते मार्च. सहलीची कॅश, फॉरेक्स कार्डावर (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) भरलेली रक्कम, तिकडे डेबिट कार्डावर केलेला खर्च, भाच्याला पाठवलेली भेट, फ्लॅटचा हप्ता, सगळं याच मर्यादेत मोजलं जातं. परदेशात प्रत्यक्ष असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च सध्या त्यात धरत नाहीत. आणि एकदा पाठवलेली रक्कम परत आणली, तरी त्या वर्षाची वापरलेली मर्यादा पुन्हा मोकळी होत नाही.

सहलीचं सोपं आहे. दुबईसाठी माणशी, प्रत्येक खेपेला ३,००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, बाकीचे कार्डावर घ्यायचे. चलन घेताना ५०,००० रुपयांच्या आतच रोख देता येते, त्यावर चेक किंवा खात्यातून. निघायच्या ६० दिवसांहून आधी घेऊ नकोस. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा घरी ठेवता येतात, वरचं १८० दिवसांत बँकेला किंवा परवानाधारक मनी चेंजरला विकायचं. आपल्या नोटा जाता-येता २५,००० रुपयांपर्यंतच.

कार्ड मात्र डॉलरचं न घेता दिरहमचं, म्हणजे तिथल्या चलनाचं घे. डॉलरच्या कार्डावर दिरहमचं बिल आलं की बहुतेक कंपन्या मध्ये चलनबदलाचं वेगळं शुल्क लावतात. दुकानात मशीनवर ‘रुपयांत की दिरहममध्ये’ असा प्रश्न येईल, तिथे दरवेळी दिरहम. रुपये निवडलेस की दर ती मशीनवाली कंपनी ठरवते, आणि तो तुझ्या बाजूचा नसतो. हॉटेलची अनामत आणि भाड्याची गाडी यांसाठी क्रेडिट कार्ड दे. फॉरेक्स कार्डावर अडवलेली रक्कम सुटायला बरेच दिवस लागू शकतात आणि तोवर तुझेच पैसे तुला वापरता येत नाहीत.

आता फ्लॅट. इथे तुझा हिशेब मला थोडा कच्चा वाटला. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे तुझी वर्षाची मर्यादा होते ९,१८,१२५ दिरहम. तू आणि वहिनी मिळून १८,३६,२५०. तुला गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथे दीर्घकाळ राहायचा परवानाही हवाय, त्यासाठी मालमत्ता २० लाख दिरहमची लागते, वर तिथल्या जमीन विभागाची ४ टक्के नोंदणी फी, म्हणजे आणखी ८०,०००. दोघांची एका वर्षाची मर्यादा अख्खी वापरलीत तरी पुरत नाही, आणि सहलीचा खर्च त्यातूनच गेलेला असेल.

मार्ग आहे, पण तो कॅलेंडरमध्ये. काही हप्ते मार्चमध्ये पाठवायचे आणि काही एप्रिलमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या मर्यादा लागोपाठ वापरता येतात. मात्र मार्चच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नकोस. एखादा कागद अडला की व्यवहार एप्रिलमध्ये जातो आणि नव्या वर्षाची मर्यादा खातो. दरवर्षी थोडे थोडे पाठवून तिकडच्या खात्यात साठवायचे, हा पूर्वीचा लाडका उपाय आता चालत नाही. ऑगस्ट २०२२ पासून, न वापरलेली आणि कुठे न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांत परत आणावी लागते.

वहिनींची मर्यादा वापरायची तर करारात त्यांचं नाव सहमालक म्हणून हवंच. सहलीसाठी घरच्यांच्या मर्यादा एकत्र चालतात, मालमत्तेसाठी फक्त सहमालकांच्या. त्यांना स्वतःचं उत्पन्न नसेल तर तू रुपयांत भेट देऊ शकतोस, पण मग त्या पैशातून येणारं भाडं प्राप्तिकरात तुझ्याच उत्पन्नात धरलं जाईल. आणखी एक, ज्या खात्यातून पाठवाल ते वर्षभर जुनं असलेलं बरं. नवं असेल तर बँक मागच्या वर्षभराची स्टेटमेंट मागते.

कर्जाचा विचार सोड. या योजनेतून मालमत्तेसाठी पैसे पाठवायला इथल्या बँकेने कर्ज द्यायचं नाही, असा नियमच आहे. बुकिंगची रक्कम क्रेडिट कार्डावर भर, असं एजंट म्हणेल. म्हणू दे. ते कार्ड चालू खर्चासाठी असतं, घर हा भांडवली व्यवहार. बिल्डर ‘ताबा घ्या, उरलेले तीन वर्षांत द्या’ अशी योजना दाखवतील. बांधकाम चालू असतानाचे हप्ते ठीक, पण ताब्यानंतरचे हप्ते म्हणजे परदेशातून घेतलेली उधारी, असं फेमाच्या, म्हणजे आपल्या परकीय चलन कायद्याच्या नजरेतून दिसू शकतं. जाणकार सल्लागार तिथेच सावध करतात. ‘इथे रुपये द्या, तिथे दिरहम घ्या’ ही सरळ हवाला आहे. त्यात दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो, आणि तेवढ्या किमतीची इथली मालमत्ता जप्त होऊ शकते.

टीसीएसचे, म्हणजे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराचे पैसे वेगळे काढून ठेव. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत काही नाही, त्यावर घरखरेदीसारख्या कारणाला २० टक्के. एकट्याने एक कोटी पाठवलेस तर ९० लाखांवर १८ लाख. दोघांनी पन्नास-पन्नास पाठवलेत तर आठ-आठ, मिळून १६. बँका बदलून उपयोग नाही, मोजणी पॅनवर होते. हा पैसा बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, आणि नोकरी असल्यामुळे कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमधूनही वजा करून घेता येतो. पण महिनोन्‌महिने अडकून राहतो, आणि बिल्डरचा हप्ता त्यासाठी थांबत नाही.

पाठवताना बँकेच्या ए-टू फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) कारण नीट लिही. स्थावर मालमत्तेचा कोड एस ०००५ आहे. क्लार्कने सवयीने ‘कुटुंबाचा खर्च’ टाकला तर पुढे नोंद जुळवताना घाम फुटतो. पैसे एजंटच्या खात्यात मुळीच नाही, बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात (फक्त त्या प्रकल्पासाठी राखलेलं खातं). आयबीएएन, म्हणजे तिथला आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, २३ अक्षरांचा असतो, मोजून बघ. शुल्क कोणी सोसायचं या रकान्यात ‘ओयूआर’ (सगळं शुल्क आपण सोसायचं) निवड. ‘एसएचए’ (शुल्क वाटून) ठेवलंस तर मधली बँक काही डॉलर कापून घेते, बिल्डरच्या वहीत हप्ता तेवढाच अपुरा दिसतो आणि उशिराचं शुल्क सुरू होतं. शेऱ्यात प्रकल्पाचं नाव आणि युनिट नंबर घाल. स्विफ्टच्या, म्हणजे बँकेने परदेशी पैसे पाठवल्याच्या पावतीची प्रत जपून ठेव, विकताना तीच लागेल.

आणि हो, भाव. बँकेला एवढंच विचार: आत्ताच्या इंटरबँक दरावर (बँका आपसात डॉलर घेतात-देतात तो दर) डॉलरमागे किती पैसे लावता? लोक हजार रुपयांच्या प्रोसेसिंग फीवर तासभर भांडतात आणि पन्नास पैसे मुकाट सोसतात. लाख डॉलरवर ते ५०,००० रुपये होतात. चलनबदलावरचा जीएसटी त्यामानाने किरकोळ, एक कोटीवर २,६१० रुपये.

घर झालं की रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागेल, भाडं येवो न येवो. विसरलास तर दंड १० लाखांचा. २० लाखांखालच्या मालमत्तेला मिळणारी सूट घराला लागू नाही.

बुकिंग फॉर्मवर सही करण्याआधी पेमेंट प्लॅनच्या पानाचा फोटो पाठव. ताब्यानंतरचे हप्ते किती आणि मार्च-एप्रिलच्या आसपास कोणते येतात, ते आधी पाहू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश