तिबेटातला बर्फ आणि आमचा मृग

महोदय,
पावसाचा अंदाज आला की आमच्या गुहागरात सगळे एल निनोवर, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्यावर, बोलतात, तिबेटच्या पठारावरच्या बर्फाचं मात्र कोणी नाव काढत नाही. १८८४ साली भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी मांडलं होतं की हिमालयात बर्फ जास्त पडला की आपल्याकडे पाऊस कमी, आणि सुरुवातीचे सरकारी अंदाज त्याच आधारावर निघायचे. कारण सोपं आहे, पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, वितळताना उष्णता खातो, शिवाय ओली झालेली जमीन तापायला वेळ घेते, म्हणजे समुद्रावरून वारे खेचणारा जोर कमी पडतो. अर्थात हे दरवर्षी जुळत नाही, पठारावरचा बर्फ तसाही पातळ नि ठिगळाठिगळाचा, पूर्वेला वेगळा पश्चिमेला वेगळा, आणि उपग्रहाच्या नोंदी १९६०च्या दशकापासूनच्याच, त्यामुळे दोन-चार वर्षं कमी दिसला की लगेच 'बर्फ संपला' छापू नका प्लीज. इथे भाजावळ करून, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळून, त्या राखेत भात पेरून माणूस आभाळाकडे बघत बसतो, त्याला नुसत्या हेडलाइनचा काय उपयोग? मे महिन्यात अंदाजाच्या बातमीसोबत त्या वर्षीच्या बर्फाचा नकाशा आणि मागच्या ३० वर्षांची सरासरी द्या, जागा नसेल तर एक दिवस राशिभविष्य वगळा.

– एक वाचक, गुहागर